दुसरा डबा

बायको गेल्यावर डबे भरायचं काम माझ्याकडं आलं. पहिला डबा मुलगा सकाळी सहाला स्वतः घेऊन जायचा. दुसरा मी दुपारी चारच्या सुमाराला कंपनीच्या गेटावर नेऊन द्यायचो. दुसरा डबा म्हणजे डबल ड्युटी. सातला आत गेलेला माणूस साडेतीनला सुटायला हवा, पण त्याला सोडायचंच नाही. पुढची पाळीही त्याच्याकडून करून घ्यायची आणि रात्री अकराला बाहेर काढायचा. आठवड्यातून चारदा, कधी पाचदा. कागदावर मात्र तो साडेतीनलाच घरी गेलेला असायचा.

आम्ही सुकापूरला राहतो, कंपनी तळोज्याच्या पट्ट्यात. कळंबोलीला रिक्षा बदलावी लागते. मला भाकरी जमत नाही, चपाती तर नाहीच. भात, वालाचं कालवण आणि भाजलेली सुकट एवढ्यावर मी त्याला वर्षभर जगवला. कधी मीठ विसरायचो. डबा रिकामा परत यायचा, त्याने कधी तोंड उघडलं नाही.

नऊ वर्षं तो ठेकेदाराच्या नावावर होता. दर अकरा महिन्यांनी त्याला पंधरा दिवस घरी बसवायचे आणि मग नवीन माणूस म्हणून परत घ्यायचे, म्हणजे कायम करा असं म्हणायचा हक्कच राहत नाही. मशीनवर तो पोरांना काम शिकवतो, आणि कागदावर दर वर्षी शिकाऊ. चौतीस वर्षांचा झाला तरी लग्न नाही. एका घरी बघायला गेलो होतो, तर मुलीच्या बापाने चहा पुढं करता करता विचारलं, "कायम हाय का ठेक्यावर?" ठेक्यावर म्हटल्यावर बशीतली बिस्किटंही कोणी पुढं सरकवली नाहीत.

या वेळी मॅनेजर म्हणाला होता, ठेक्यातल्या आठ जणांना कायम करणार, लिस्ट बनतेय, तुझं नाव आहे. असलंच तो मागच्या वर्षीही म्हणाला होता आणि लिस्ट लागली नव्हती. पण या वेळी मुलाकडून आधार कार्ड, फोटो सगळं घेतलं होतं. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही त्या लिस्टीबद्दल बोलायचो नाही. बोललं तर हातची जाईल असं वाटायचं.

असाच एकदा मी डबा घेऊन गेटावर पोचलो तर टपरीच्या बाकड्यावर एक गोरी बाई बसलेली. पन्नाशीची, केस पांढरे आणि कापलेले, पायात गड्यांसारखे जाड बूट. सोबत पुण्याची एक मुलगी होती, बाईचं बोलणं मराठीत सांगायला. जर्मनीची एक मोठी कंपनी इथून लोखंडाचे सुटे भाग घेते, तिने या बाईला पाठवलेलं. इथले कामगार कसे राबवतात ते बघायला. आतल्या सगळ्यांना मॅनेजरने आठवडाभर पढवून ठेवलं होतं की आठ तास, रविवारी सुट्टी, तक्रार काही नाही. हे मला नंतर कळलं. गेटाबाहेरच्या म्हाताऱ्याला पढवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मुलगा घरी काही सांगत नसे.

पुण्याच्या मुलीने विचारलं, "काका, डबा कुणासाठी?"

"पोराचा. आत हाय."

"पण आता सव्वाचार झाले. त्यांची पाळी साडेतीनला संपली ना?"

"संपते कसली? डबल हाय. अकराला सुटंल."

तिने ते बाईला सांगितलं. बाईने पिशवीतून वही काढली. आणि माझं डोकं भलतीकडं धावायला लागलं. मला वाटलं, ही वरची साहेबीण. हिने एक शब्द टाकला तर मॅनेजरची काय टाप आहे नाव गाळायची! देवानेच आणून बसवलीय.

मी म्हणालो, "सांग तिला, माज्या पोरासारखा मानूस अख्ख्या तळोज्यात मिलनार नाय. नऊ वर्सांत एक रजा नाय. अंगात ताप असला तरी गेला. सोताच्या आयला जालून आला आन तिसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर."

मुलगी थांबली. "काका, हे सांगू का? खरंच?"

"मंग! तेच आधी सांग."

तिने सांगितलं. बाई लिहायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, पटलं हिला. मी आणखी फुगलो.

बाईने विचारलं, "तो स्वतःहून आला, की त्याला यायला सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? मानसाला समजतं ना. गेटावर पोरांची रांग हाय."

मग ती काहीतरी बराच वेळ बोलली. मुलगी म्हणाली, त्यांच्याकडं दिवसाला दहा तासांच्या वर माणूस राबवला तर वरच्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. बाईचे वडील वारले तेव्हा तिने रजेवर असताना ऑफिसचं काम उघडून बघितलं, तर तिचा साहेब तिच्यावर ओरडला. म्हणाला, हे बंद कर आणि आईजवळ बस.

मला हसू आलं. म्हटलं, "तुमच्याकडं मानसं कमी असतील, म्हनून जपता. आमच्याकडं मानूस सोडून सगलं कमी हाय."

हे मुलीने सांगितलं तेव्हा बाई हसली नाही. तिने विचारलं, तुम्ही स्वतः काय काम करायचात?

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी होतो. ट्रकमधून सळया, अँगल, पत्रे उतरवायचे. आमची बारा जणांची टोळी. साडेपाच वाजले की मुकादम शिट्टी मारायचा आणि आम्ही हात सोडायचो. ट्रक अर्धा भरलेला असू दे, व्यापारी पाया पडू दे. उरलेला माल सकाळी. टोळीतल्या कोणाच्या घरात मयत झालं तर त्या दिवशी अख्खी टोळी काम बंद ठेवून स्मशानात यायची, आणि त्याचा वाटा दहा दिवस त्याच्या घरी पोचायचा. आमच्या आधीच्यांनी लाठ्या खाऊन हे मिळवलं होतं. आम्हाला आयतं मिळालं. हे मी तिला छाती काढून सांगितलं.

तिने पेन खाली ठेवलं. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "त्या विचारतायत, तुमचे तास ठरलेले होते आणि मुलाचे नाहीत. मग तुम्हाला याचा अभिमान कसा वाटतो?"

"तो जमाना येगला होता," म्हणालो आणि डब्याची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

बाईला मुलाला भेटायचं होतं. मी म्हटलं, अकराला भेट. तिने घड्याळ बघितलं. तिचा दिवस पाचला संपतो, असं मुलगी म्हणाली. पाचनंतर ती काम करत नाही आणि दुसऱ्याकडून करून घेत नाही, मुलीकडूनही नाही.

"मंग ती डबलवाल्याला भेटनार कशी, बाय?" मी विचारलं. "जो अकराला सुटतो त्यालाच तर भेटाया पायजे तिनं."

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी ठरलं की दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मीच कंपनीत जायचं आणि मुलालाही बोलवून घ्यायचं. मला आनंद झाला. वॉचमनने डबा घेताना विचारलं, "एवढा काय बोलत होतास बाबा तिच्याशी?"

"पोराचं नाव पक्कं करून आलो," मी म्हणालो.

सकाळी सहाला मी चहा ठेवला तर मुलगा आंघोळ न करता चुलीजवळ येऊन उभा राहिला. गॅस आहे आमच्याकडं, पण त्या कोपऱ्याला बायको चूलच म्हणायची. त्याचा डबा मी भरून ठेवला होता. त्याने त्याला हात लावला नाही.

"गेटपास घेतला माजा," तो म्हणाला.

"कोनी?"

"ठेकेदारानं. काल रातच्यालाच. वॉचमननं आत चुगली केली. काय काय सांगितलात तिला?"

मी सांगायला लागलो, तुझी तारीफ केली. तो मध्येच म्हणाला, "तारीफ? ती डबलच पकडाया आली होती, बाबा! आमाला सगल्यांना शिकवून ठेवलेलं. बावीस मानसं गप बसली आन तुमी एकट्यानं भोंगा वाजवलात."

मी चिमट्याने चहाची पातेली खाली उतरवली. "नाव काडलं?"

"काडलं नाय अजून. मॅनेजर बोलला, बापाला सरल कर, मंग बगू. आज अकराला तिच्यासमोर बोलायचं, दुसरा डबा माजा नाय. सोबत्याचा हाय, त्याची बायको म्हायेरी गेलीय, म्हनून तुमी त्याला नेऊन देता. आन काल जे बोललो ते चुकून बोललो. घरातली गेल्यापासून डोकं ठिकानावर नाय."

"मना येडा ठरवतोस?"

"शाने असतात तर ही पाली आली नसती."

असं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. त्याच्या आईसमोर बोलला असता तर तिने उलथनं फेकून मारलं असतं. मी चहा गाळला. तो प्याला नाही. थोड्या वेळाने खाली बघून म्हणाला, "नऊ वर्सं, बाबा. एवढंच बोला. बाकी काय नको मना."

मी म्हटलं, बोलतो.

रिक्षात मी मनातल्या मनात घोकत होतो. सोबत्याचा डबा, त्याची बायको माहेरी. चौथीत कविता पाठ केली नाही म्हणून मास्तरने ओणवा उभा केला होता, तेव्हासुद्धा मी इतकं घोकलं नव्हतं. मुलगा शेजारी बसून बाहेर बघत होता. कळंबोलीच्या सर्कलला आमच्या बाजारातले सळयांचे ट्रेलर रांगेने उभे होते. मी ओळखीची माणसं दिसतात का बघत होतो, नुसतंच.

कंपनीत काचेच्या खोलीत नेलं. बाहेर मॅनेजर उभा. आत यायला बघत होता, पण बाईने त्याला हाताने थांबवलं. मुलाला मात्र माझ्या बाजूला बसू दिलं. टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं होती. काचेतून मॅनेजर दिसत होता आणि त्याला आम्ही.

पुण्याच्या मुलीने विचारलं, "काका, काल तुम्ही म्हणालात की दुसरा डबा मुलाचा, कारण तो दोन पाळ्या करतो. हे खरं आहे का?"

"नाय," मी म्हणालो. "सोबत्याचा हाय. त्याची बायको म्हायेरी गेलीय. मी म्हातारा, बोलन्यात चुकी झाली."

एका दमात निघालं. मुलाने शेजारी श्वास सोडला तो मला ऐकू आला. मुलगी माझ्याकडं बघत होती. मग तिने ते सांगितलं आणि बाईने लिहून घेतलं. एक शब्द वाकडा बोलली नाही. मला वाटलं, सुटलो. मी उठायला खुर्ची मागं सरकवली.

बाई वहीतून वर न बघता बोलली. मुलीने सांगितलं, "त्या म्हणतायत, तुमच्या पत्नीबद्दल त्यांना वाईट वाटतं. एकच विचारायचंय. त्या वारल्या त्या दिवशी निरोप मुलापर्यंत वेळेवर पोचला का? कामगारांचे मोबाइल गेटावर जमा असतात, म्हणून घरचा फोन आला की गेटाने लगेच आत कळवायचं, असा त्यांचा नियम आहे. तुम्ही फोन केलात आणि गेटाने कळवला नाही, असं झालं का?"

हे कोणी मला शिकवलं नव्हतं.

घरी मी सगळ्यांना सांगितलं होतं की साडेचारला एकाएकी झालं. छातीत कळ आली आणि गेली. मुलाला तेच सांगितलं, तिच्या बहिणींना तेच, दहाव्याला आलेल्या पावण्यांना तेच. वर्षभर तेच सांगत होतो. आताही तेवढंच सांगायचं होतं, एकाएकी झालं. पहिलं खोटं सहज निघालं होतं. हे निघेना.

मुलाने माझ्याकडं वळून बघितलं. "बोला ना, बाबा. एकाएकी झालं."

"एकाएकी नाय झालं," मी म्हणालो.

मग मी बाईकडं बघूनच बोललो, मुलाकडं बघायची हिंमत नव्हती. सांगितलं, दहाला सुरू झालं. तिला घाम फुटला, डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणाली. पित्त असेल म्हणून मी ओवा दिला. पोराला फोन करतो म्हटलं तर तिने माझा हात धरला. 'अवो, फोन करू नका. या मयन्यात लिस्ट लागायची हाय. घरच्या भानगडीसाटी बायेर आला तर नाव काडतील.' मी फोन ठेवला. बारा वाजता परत उचलला, परत तिने ठेवायला लावला. मी पण ठेवला. मलाही तेच वाटत होतं ना. तीनला तिचे ओठ काळे पडायला लागले तेव्हा शेजाऱ्याची रिक्षा काढली. पनवेलच्या दवाखान्यात टेबलावर घेतली आणि संपली. पाच वाजले होते. मग फोन केला.

"गेटवाल्याचा काय दोष नाय," मी म्हणालो. "त्यानं दोन मिन्टांत कलवलं. फोनच केला नाय मी."

पुण्याच्या मुलीला सगळं सांगायला बराच वेळ लागला. मध्ये दोनदा ती थांबली, पाणी प्याली. बाईने लिहिलं नाही, नुसतं ऐकलं. मग तिने विचारलं आणि मुलीने जवळजवळ पुटपुटत सांगितलं, "पाचला तुम्ही फोन केलात तेव्हा मुलगा आत होता?"

साडेतीनला सुटलेला माणूस पाचला आत कसा? प्रश्न तो होता. मला कळलं. काचेपलीकडं मॅनेजर हातातली फाइल मांडीवर आपटत होता.

"होता," मी म्हणालो. "डबल होती. त्याचा दुसरा डबा तिनं त्या दिवशी पन भरून ठेवला होता. दुकत असताना भरला. मी नेऊन देनार होतो."

झालं. जे पढवून आणलं होतं ते सगळं माझ्याच तोंडाने मोडलं.

मुलगा उठला. बाहेर आलो. मॅनेजरने त्याला काहीतरी विचारलं, तो थांबला नाही. गेटापर्यंत पुढं तो आणि मागं मी. टपरीपाशी तो वळला.

"दहा वाजता?"

"हां."

"साडेधाला चहाची सुट्टी असते. मी हिते उभा होतो. जमा केलेला फोन तवा हातात होता माज्या."

त्याने मला रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला पैसे दिले, आणि गेटपाससाठी ठेकेदाराला गाठायला परत गेला.

बाई दोन दिवसांनी गेली. नंतर काही आठवड्यांनी जर्मनीहून कागद आला. डबल बंद. रविवारी सक्तीची सुट्टी. मॅनेजरने लिस्ट लावली तीही लागलीच. आठ नावं. मुलाचं नाही. गेटपास दिला परत, पण ठेक्याचाच, नवीन माणूस म्हणून. बाकीच्यांचीही डबल गेली. तिच्या रोख पैशांवरच घर चालवणारे बरेच होते. मी टपरीवर गेलो तर एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "काय बाबा, तुमची जर्मनवाली कवा येते परत? जेवन घालाया सांगा आता आमाला." दुसरा म्हणाला, "राहू दे रे, त्याचं बी गेलंच ना." मी चहा न पिता आलो. त्यांचा राग मला समजतो. बाईचाही मला राग येत नाही. तिच्या देशात ती वागली तेच बरोबर असेल. इथं तेच बरोबर वागलं की कोणाचं तरी जातं.

मुलगा आता साडेचारला घरी येतो. पहिले काही दिवस उजेडात घरी काय करायचं तेच त्याला कळत नव्हतं. बूट काढून पलंगावर बसून राहायचा. माझ्याशी बोलणं नाही. जेव म्हटलं की जेवायचा. मी एकदा म्हटलं, मला शिव्या दे पण बोल. तर उठून गच्चीवर गेला.

मग पहिला सुट्टीचा रविवार आला. सकाळी मी लसूण सोलत बसलो होतो. तो समोर येऊन फरशीवर बसला. अर्ध्या पाकळ्या माझ्याकडून ओढून घेतल्या आणि सोलायला लागला. मान खालीच.

"दहापासून सांगा," तो म्हणाला.

"सांगितलं ना तिकडं."

"तिला सांगितलंत. मना सांगा. कुटं बसली होती ती?"

मी सांगितलं, खिडकीपाशी, भिंतीला टेकून. निळी साडी. आधी म्हणाली पंखा बंद करा, मग म्हणाली लावा. त्याने विचारलं, ओवा तिने खाल्ला का थुंकला? थुंकला, मी म्हणालो, आणि मला म्हणाली, 'तुमच्या हातचा ओवा पन कडू.' तो एवढंसं हसला. मग पुढची पाकळी उचलली.

मला माफ केलं का, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. साडेअकरापर्यंतचं सांगून झालं. त्याने उठून पाण्याचा तांब्या आणून दिला आणि परत समोर बसला.

"मंग?" तो म्हणाला. "मंग बाराला काय झालं?"